सिक बोवर हरलो की दुप्पट लावावं का, आणि किती मिनिममच्या टेबलावर बसावं?

तुम्ही दहा हजार रुपये घेऊन पणजीला येताय. सिक बोवर, म्हणजे कॅसिनोतल्या तीन फाशांच्या जुगारात, हरलं की दुप्पट लावत गेलं तर चालेल का, आणि ५०० मिनिममचं (एका हाताला, म्हणजे डावाला, कमीत कमी ५०० लावायचे) टेबल बरं की २,०००चं, असं विचारलंय. मी डिचोलीचा. मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर चार वर्षं डीलर होतो. माझं उत्तर: दुप्पट करू नका, आणि ५००च्या वरच्या टेबलाकडे फिरकूही नका.

तीन फाशांची बेरीज ४ ते १० आली तर स्मॉल, ११ ते १७ आली तर बिग. तिन्हींवर एकच आकडा पडला (ट्रिपल) तर दोन्ही जातात. फासे पडण्याचे प्रकार एकूण २१६. त्यातले १०५ तुमचे, १११ कॅसिनोचे. म्हणजे लावलेल्या शंभरामागे सरासरी पावणेतीन रुपये तिकडे जातात, आणि कुठल्याही युक्तीने हा आकडा बदलत नाही.

आता तुमची युक्ती घ्या. ५००, १,०००, २,०००, ४,०००. चार हात ओळीने गेले की ७,५०० गेले, खिशात उरले २,५००, आणि लावायचे आहेत ८,०००. चार हात ओळीने जाणं काही दुर्मीळ नाही. सरासरी चौदा वेळा सुरुवात केलीत की एकदा होतं. तेरा वेळा पाचशे-पाचशे कमावून ६,५०० होतात, चौदाव्या वेळी ७,५०० जातात. पैसेवाल्याचंही तेच होतं, फक्त त्याला टेबलाचं मॅक्सिमम अडवतं. ते २५,००० असेल तर सहा हात हरल्यावर लागणारे ३२,००० तो लावूच शकत नाही.

सांगलीकडचे एक काका अजून डोळ्यांसमोर आहेत. स्क्रीनवर ओळीने पाच बिग आले होते, म्हणून ते स्मॉलवर बसले. ८,०००चे चिप्स ठेवताना बोटांनी ती चळत सरळ करत होते, पुन्हा पुन्हा. "आता तरी स्मॉल यायला पाहिजे ना हो?" त्यांनी मला विचारलं. डीलरने काही बोलायचं नसतं. मी झाकण उचललं: चार, पाच, पाच. चौदा. बिग. फाशांना मागचं काही आठवत नसतं हे त्यांना सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगतोय.

मिनिममचं मात्र खरंच महत्त्व आहे. २,०००च्या टेबलावर तुमचे दहा हजार म्हणजे पाच हात. ५००वर वीस. तासाला चाळीस फेऱ्या धरा: ५००वर २०,००० फिरतात, सरासरी साडेपाचशे जातात. २,०००वर तेच बावीसशे. हॉटेलांतल्या कॅसिनोंत कायद्याने इलेक्ट्रॉनिक खेळच चालतात, हाताने टाकलेले फासे बोटीवरच. मशीनवर मिनिमम कमी दिसतं, पण फेऱ्या भराभर होतात, त्यामुळे फेऱ्याही मोजा.

ट्रिपलच्या चौकोनाकडे बघू नका. एका ठरावीक ट्रिपलची शक्यता २१६त एक. त्यावर १८० पट दिले तरी शंभरामागे सोळा रुपये जातात, आणि काही टेबलांवर १५० पटच देतात.

एंट्रीच्या पैशांत मिळणारे चिप्स बहुधा फक्त खेळण्यासाठी असतात, काउंटरवर त्यांचे पैसे मिळत नाहीत. ते आपल्या दहा हजारांत धरू नका. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र जवळ ठेवा. आम्हा गोंयकारांना तर फेब्रुवारी २०२० पासून आत खेळायलाच बंदी आहे.

दहातले पाच हजार खोलीवर ठेवून या. एटीएम कार्डही तिथेच राहू दे. उरलेल्यांवर ५०० स्मॉल किंवा बिग, प्रत्येक हाताला तेवढेच. संपले की वर डेकवर जा आणि जेवण घ्या, ते बहुतेक एंट्रीच्या पैशांत धरलेलंच असतं.