कायदा आणि आपण : आजार न्यायालयाला सांगावा का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला बायपोलर डिसऑर्डर आहे. त्याने परस्पर गोळ्या बंद केल्या, काही दिवसांतच त्याची झोप उडाली आणि एका रात्री घोडबंदर रस्त्यावर त्याच्या भरधाव कारने रिक्षाला दिलेल्या धडकेत प्रवाशाचा पाय मोडला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) व १२५(ब) (अशा कृत्याने गंभीर दुखापत करणे) खाली खटला चालू आहे. आजार सांगितल्यास शिक्षा कमी होईल, की लायसन्स जाईल म्हणून गप्प राहावे?
— एक वाचक, माजिवडा, ठाणे

उत्तर : गप्प राहू नका. मात्र आजार आहे म्हणून सुटका होईल, अशी आशाही धरू नका. त्याच संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे मनोविकलतेचा, बचाव मिळण्यासाठी, धडकेच्या वेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते गैर वा बेकायदा आहे, हे समजण्यास भाऊ असमर्थ होता, असे आरोपीलाच दाखवावे लागते; सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दह्याभाई ठक्कर खटल्यात स्पष्ट केल्याप्रमाणे त्यासाठी संभाव्यतेचा पुरावा, म्हणजे तसे असण्याची शक्यता अधिक आहे एवढे दाखवणे, पुरते, परंतु तेवढा पुरावाही उभा करणे सोपे नसते.

आजाराचे खरे वजन शिक्षेच्या सुनावणीत पडते. कलम १२५(ब) मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद असून किमान शिक्षा नाही. त्यामुळे न्यायाधीशांच्या हाती बराच वाव असतो. अर्थात हा मुद्दा दुधारी आहे. केसपेपरवर डॉक्टरांनी ‘गाडी चालवू नये’ असे लिहिले असेल, तर सरकारी वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतील. शिवाय आजार वाहन चालवण्यास धोकादायक आहे हे ठाऊक असताना गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. याउलट, उन्मादाच्या अवस्थेत, म्हणजे या आजारातील अतिउत्साहाच्या टप्प्यात, ‘मला काही झालेले नाही’ असे रुग्णाला मनापासून वाटते आणि गोळ्या सुटतात त्या बहुधा त्यामुळेच, हे उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी साक्षीत सांगितले, तर ‘मुद्दाम गोळ्या टाळल्या’ हा आरोप बराच सौम्य होतो. माझ्या मते आपल्या वकिलांनी भर द्यावा तो इथेच.

अपघातापूर्वीचे व नंतरचे केसपेपर आणि औषधांची बिले तारखेनिशी लावून ठेवा. खर्चाची अडचण असल्यास ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार सुरू ठेवता येतील. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडण्याची विनंती करता येते आणि तेव्हा उपचारातील सातत्य उपयोगी पडते. त्याच कायद्याच्या कलम ५ नुसार जखमीला भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. ती तयारी आपण स्वतःहून दाखवा.

लायसन्सची चिंता मात्र सोडा. डॉक्टर लेखी संमती देईपर्यंत कारची किल्ली भावाकडे जाऊ देऊ नका.