लायब्ररी असूनही कॉन्फिगर ‘नाही’ का म्हणते?

प्रश्न : आमच्या सी भाषेतील प्रकल्पाची कॉन्फिगर स्क्रिप्ट, म्हणजे संगणकावर कोणत्या सुविधा आहेत हे आधी तपासणारी स्क्रिप्ट, ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेली आहे. गणिताची लायब्ररी संगणकावर असून तिचे नाव आम्ही एलडीफ्लॅग्ज या लिंकरच्या (प्रोग्रॅमचे भाग जोडणाऱ्या साधनाच्या) पर्यायांच्या चलात दिले आहे, तरी तिच्यातील फंक्शन सापडत नाही. शिवाय नवा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) घेतल्यापासून पूर्वी पार पडणाऱ्या काही चाचण्याही फसू लागल्या आहेत. दोष कुठे शोधावा?

उत्तर : आधी कॉन्फिग.लॉग ही फाइल उघडावी. प्रत्येक चाचणीसाठी कॉन्फिगर एक छोटा प्रोग्रॅम लिहिते, तो कंपाइल किंवा लिंक करून पाहते आणि चाचणी फसल्यास चालवलेली आज्ञा, आलेला संदेश व तो प्रोग्रॅम या फाइलीत नोंदवते. पडद्यावरच्या ‘नाही’मागचे खरे कारण तेथेच कळते.

पहिल्या अडचणीचे कारण बहुधा क्रमात आहे. एलडीफ्लॅग्जमधील मजकूर लिंकरच्या आज्ञेत प्रोग्रॅमच्या आधी येतो. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि स्टॅटिक लायब्ररीतून (जिचा कोड प्रोग्रॅममध्येच घातला जातो) तोवर गरज पडलेलेच भाग उचलतो; प्रोग्रॅम नंतर आल्याने तोवर गरज पडलेलीच नसते. ‘ॲज-नीडेड’ (गरज असेल तरच जोडा) हा लिंकरचा पर्याय चालू असेल, तर शेअर्ड लायब्ररीही (जी प्रोग्रॅम चालताना जोडली जाते) अशा जागी वगळली जाते. म्हणून लायब्ररीचे नाव आज्ञेत प्रोग्रॅमनंतर येणाऱ्या लिब्ज या चलात द्यावे आणि एलडीफ्लॅग्जमध्ये केवळ शोधाचे मार्ग व लिंकरचे पर्याय ठेवावेत.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. घोषणा न करता फंक्शन वापरण्याची मुभा सी99 मानकाने 1999 मध्येच काढून टाकली. तरी कंपायलर बराच काळ केवळ इशारा देत राहिले. क्लँग 16 आणि जीसीसी 14 या कंपायलरांपासून मात्र ती चूक ठरते. त्यामुळे हेडर (फंक्शनच्या घोषणा असलेली फाइल) न जोडता फंक्शन वापरणारी जुनी चाचणी स्वतःच्याच दोषाने फसते, कॉन्फिगर ती सुविधा नसल्याचे मानते आणि प्रकल्प मुकाट्याने पर्यायी कोडसह तयार होतो. अशा चाचणीत योग्य हेडर जोडावेत व मेन या मुख्य फंक्शनचा परतावा-प्रकार स्पष्ट लिहावा.

प्रत्येक इशाऱ्याला चूक ठरवणारा ‘डब्ल्यूएरर’ हा पर्यायही सीफ्लॅग्ज या कंपायलरच्या पर्यायांच्या चलातून कॉन्फिगरला देऊ नये, कारण फंक्शन शोधणाऱ्या चाचण्या मुद्दाम खोटी घोषणा करतात आणि त्यावर येणारा इशारा मग त्यांनाच पाडतो. अपवाद एकच : इशाऱ्यांचे पर्याय तपासताना तो त्या चाचणीपुरता हवाच, कारण अनोळखी इशारा-पर्यायावर क्लँग फक्त इशारा देतो आणि चाचणी खोटीच पार पडते.

दुरुस्तीनंतर, उत्तरे साठवून ठेवण्याची सोय वापरत असाल, तर कॉन्फिग.कॅश ही त्या उत्तरांची फाइल पुसूनच कॉन्फिगर पुन्हा चालवावे. अन्यथा जुनेच ‘नाही’ परत मिळेल.