घरी पाळणाघर चालवताना सुरक्षेच्या कोणत्या गोष्टी पाळाव्या लागतात?

घरातच चार-पाच मुलं सांभाळायची तर काय काय बघावं लागतं, असं तुम्ही विचारलंय. परवाना आणि मुलांच्या संख्येची मर्यादा जागेनुसार बदलते. ती स्थानिक कार्यालयाकडून लेखीच घ्या. बाकीचं बहुतेक सगळीकडे सारखंच.

सगळ्यात आधी झोप. वर्षाच्या आतलं बाळ दर वेळी पाठीवरच झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, दुलई, मऊ खेळणी, काही नको. ‘आमचं बाळ पालथंच झोपतं’ असं आईवडील म्हणाले तरी ऐकू नका. इथे भीड कामाची नाही.

मग जमिनीवर बसा (खरंच बसा) आणि रांगत्या मुलाच्या नजरेने खोली बघा. सोफ्याखाली घरंगळलेली बटण बॅटरी (नाण्यासारखी छोटी, चपटी) तेव्हाच दिसते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकतं, म्हणून रिमोटचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. बाथरूममधली बादली रिकामी करून पालथी घाला. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडतं आणि बऱ्याचदा आवाजही होत नाही.

लंगोट बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब, नंतर साबणाने 20 सेकंद हात धुवायचे.

औषध मात्र पालकांच्या लेखी परवानगीशिवाय थेंबभरही नाही. नाव, मात्रा, वेळ तिथल्या तिथे वहीत लिहा. आठवड्याची वही एका बैठकीत भरली की तपासणाऱ्याला लगेच कळतं: सगळीकडे एकच पेन, एकच घाई.