पाल्याला कंटाळून लिंब तोडू नका

प्रश्न : दांडिया बाजाराजवळच्या सोसायटीत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडक्या पश्चिमेला. मे महिन्यात रात्री अकरालाही भिंत गरम लागते. खिडकीसमोरचा जुना कडुलिंब पार्किंगमध्ये पाला फार पाडतो म्हणून तो काढायचा आणि ५ जूनला, पर्यावरण दिनी, कंपाउंडलगत असोपालवाची (उभ्या अशोकाची) रांग लावायची, असं सोसायटीत घाटतंय. घर थंड राहील का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, काहीही करून तो लिंब वाचवा. तुमची भिंत दुपारभर तापते आणि ती धग रात्री घरात सोडते. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, गच्चीपेक्षा भिंतीवरच जास्त पडतं, आणि ते अडवायला तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेला, पसरलेला डेरेदार वृक्षच हवा. असोपालव सरळसोट वाढतो. दिसतो छान, पण सावली अंगापुरती. ही रोपं लिंबाची जागा कधीच भरून काढणार नाहीत.

नुसती सावलीच नाही. पानांमधून पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. एसी खोलीतली उष्णता गल्लीत टाकतो. झाड गल्लीलाही गार करतं. मात्र जमीन कोरडी पडली की पानं आपली रंध्रं मिटून घेतात आणि हा गारवा थांबतो. म्हणून खाली वाकून लिंबाचं बूड बघा. बऱ्याच सोसायट्यांत पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले असतात. तुमच्याकडेही तसं असेल तर खोडाभोवती निदान मीटरभर ब्लॉक काढा, माती हलक्या हाताने मोकळी करा. मुळं तोडू नका. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या.

पाल्याची तक्रार खरी आहे, पण ती मोठी असते फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाडव्याला आपण गुढीला जो कोवळा पाला बांधतो तो या पानगळीनंतरच फुटतो, आणि एप्रिलच्या उन्हाला झाड पुन्हा भरलेलं असतं. आपल्या हवेला याहून सोयीचं झाड मला माहीत नाही.

एका झाडाने गल्ली बदलत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की वस्तीचा साधारण ४० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली आला की दिवसाचा गारवा झपाट्याने वाढतो. तेव्हा नवी झाडंही लावाच, पण करंज, बकुळ, जागा असेल तिथे चिंच. लवकर वाढतो म्हणून कोणी कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड सुचवलं तर नको म्हणा. गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. ५ जूनला फक्त खड्डे करून ठेवा, रोपं पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा. आणि लिंबाचा झाडलेला पाला त्यांच्याच आळ्यात पसरा, ओल टिकेल.