डेटाबेस डेव्हलपरना युनिट टेस्टिंग सोपं जावं म्हणून टीमने काय करावं? कोणतं टूल घ्यावं?

युनिट टेस्टिंग म्हणजे कोडचा एकेक छोटा तुकडा वेगळा चालवून तपासणं. टूलची नावं आधी सांगून टाकते, तेवढा भाग सोपा आहे. ओरॅकल असेल तर यूटीपीएलएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर असेल तर टीएसक्यूएलटी, पोस्टग्रेस असेल तर पीजीटॅप. तिन्ही फुकट, तिन्ही ओपन सोर्स, तिन्ही जेनकिन्सला (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरला) जोडता येतात. तुमचा डेटाबेस कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढे मी बहुतेक ओरॅकलबद्दलच बोलेन. माझी भाकरी त्याच्यावर आहे.

आता तुमच्या प्रश्नाच्या तपशिलातलं एक वाक्य. तुम्ही लिहिलंय, 'आमचे जावावाले नियमाने टेस्ट लिहितात, पण डेटाबेसवाल्यांची ती मानसिकताच नाही.' हे वाक्य मी अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात ऐकलंय, क्लायंटच्या मीटिंगमध्ये ऐकलंय, अप्रेझलला बसले असताना ऐकलंय. ते बोलणाऱ्या एकानेही कधी विचारलं नाही की डेटाबेसवाल्याकडे टेस्ट चालवायला स्वतःची जागा तरी आहे का. जावावाला आपल्या लॅपटॉपवर कोड चालवतो, मोडतो, पुन्हा चालवतो, कुणाला पत्ता लागत नाही. आमच्या वाट्याला येतो एक सामायिक डेव्ह स्कीमा, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचा टेबलं आणि कोडचा एकच संच, ज्यात आठ-दहा जण एकाच वेळी पॅकेजेस (कोडचे गठ्ठे) कंपाइल करत असतात. सकाळी टाकलेला डेटा दुपारी कुणीतरी ट्रंकेट करून पुसलेला असतो. अशा ठिकाणी लिहिलेली टेस्ट आज पास, उद्या फेल, परवा पुन्हा पास. थोड्या दिवसांनी माणूस तिच्याकडे बघायचं सोडतो. यात मानसिकतेचा काय संबंध?

२०१९ चा प्रसंग सांगते, म्हणजे मी का चिडते ते कळेल.

एका सहकारी बँकेच्या ठेवींवरचं व्याज आणि टीडीएस हे काम आमच्या टीमकडे होतं. मुंबईभर शाखा आणि ठेवीदारांत पेन्शनर पुष्कळ. त्या वर्षीच्या अंतरिम अर्थसंकल्पात ठेवींच्या व्याजावरची टीडीएसची मर्यादा १०,००० वरून ४०,००० झाली, १ एप्रिलपासून लागू. ज्येष्ठ नागरिकांची ५०,००० ची मर्यादा आदल्याच वर्षी आली होती. वरवर बघता एक आकडा बदलायचा. पण तो आकडा तिमाही व्याजाच्या एका जुन्या प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच राहणाऱ्या कोडमध्ये, ठिकठिकाणी हार्डकोड करून, थेट लिहून ठेवलेला. ही प्रोसिजर व्याज काढायची, ग्राहकाच्या सगळ्या शाखांतल्या ठेवींची बेरीज करायची, टीडीएस कापायची, खात्यात जमा-नावे टाकायची, लॉग लिहायची आणि मधेमधे कमिटही मारायची, म्हणजे तोवरचे बदल कायम करून टाकायची. हजारावर ओळी, आणि तळाला 'व्हेन अदर्स देन नल'. म्हणजे आत काहीही फुटलं तरी बाहेर शांतता.

यात टेस्ट लिहायची कशाची? एका ग्राहकाचा टीडीएस बरोबर निघतो का, एवढं बघायला आख्खी तिमाही चालवावी लागायची. वर सिसडेट, म्हणजे सर्व्हरची आजची तारीख, आतच वापरलेली. ३१ मार्चला काय होईल हे नोव्हेंबरात बघायचं असेल तर डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) विनंती करून अख्ख्या डेटाबेसला फिक्स्ड डेट लावून घ्यायची, आणि तोवर बाकीच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं.

मी मीटिंगमध्ये म्हटलं, टीडीएसचा नियम वेगळ्या फंक्शनमध्ये काढू. जन्मतारीख, वर्षाचं एकूण व्याज, पॅन आहे की नाही, फॉर्म १५एच (कर लागत नाही, टीडीएस कापू नका असं ज्येष्ठांनी द्यायचं घोषणापत्र) दिलाय की नाही आणि हिशेबाची तारीख एवढं आत जाईल, टीडीएसची रक्कम बाहेर येईल. ग्राहकांच्या टेबलांना हात नाही. मग त्याच्यावर टेस्ट लिहिता येतील. आमच्या आर्किटेक्टसाहेबांनी उत्तर दिलं, "डेटाबेस कोडला युनिट टेस्ट नसतेच. लॉजिक जावात हलवा, मग टेस्ट लिहा. तोवर क्यूए बघून घेईल." क्यूए म्हणजे आमची तपासणारी टीम.

नसतेच कशी? स्टीव्हन फ्यूअरस्टाइन यांनी यूटीपीएलएसक्यूएलची पहिली आवृत्ती २००० च्या आसपास आणली. ज्या जेयुनिट या टेस्टिंग टूलचा जावावाल्यांना अभिमान आहे ते त्याच्या दोन-तीन वर्षंच आधीचं. २०१७ मध्ये यूटीपीएलएसक्यूएल पूर्ण नव्याने लिहून तिसरी आवृत्ती आली, ती तर वापरायला फारच सुटसुटीत. पॅकेजच्या स्पेसिफिकेशनमध्ये प्रोसिजरच्या वर एक खास कॉमेंट टाकली की ती टेस्ट झाली. वेगळं काही शिकावं लागत नाही, पीएल/एसक्यूएल (ओरॅकलमध्ये कोड लिहायची भाषा) येतं त्याला ते येतंच.

मी काय केलं, तर ओरॅकलची १८सी एक्सई आवृत्ती लॅपटॉपवर टाकली. ती आदल्याच वर्षी आली होती, फुकट होती, आणि तिची १२ जीबी डेटाची मर्यादा टेस्टसाठी भरपूर होती. स्कीमा माझा एकटीचा. नियम फंक्शनमध्ये काढला, जुनं गणित जसंच्या तसं ठेवून, आणि टेस्ट लिहायला घेतल्या. व्याज नेमकं ४०,००० असेल तर टीडीएस शून्य, कारण मर्यादा ओलांडली तरच कापायचा. ४१,००० असेल तर ४,१००, कारण पूर्ण रकमेवर कापायचा, वरच्या हजारावर नाही. तेच पॅन नसेल तर २० टक्क्यांनी ८,२००. पात्र ज्येष्ठाने १५एच दिला असेल तर शून्य. या सगळ्या हिरव्या आल्या, म्हणजे पास.

मग १ एप्रिल. ज्याचा साठावा वाढदिवस १ एप्रिलला येतो त्याने आदल्या दिवशी, म्हणजे ३१ मार्चलाच साठ पूर्ण केली असं धरायचं, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलंय. म्हणजे १ एप्रिल १९६० चा जन्म असलेला माणूस २०१९-२० या वर्षातच ज्येष्ठ. जुनं गणित काय करत होतं? ३१ मार्च २०२० आणि जन्मतारीख यांच्यामधले महिने ओरॅकलच्या मंथ्स बिटवीन फंक्शनने काढायचं आणि ७२० भरले का बघायचं. उत्तर येतं ७१९.९७. माणूस ज्येष्ठ नाही. ४५,००० व्याजावर ४,५०० रुपये कापले. टेस्ट लाल.

क्यूएकडे प्रॉडक्शनची नावं-नंबर झाकलेली कॉपी होती, एका मोठ्या शाखेची. मी मुद्दाम त्यात शोधलं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली एक पिढीच आहे, त्यामुळे १ जूनवाले ढिगाने. १ एप्रिल १९६० चा जन्म, शिवाय व्याज ४० ते ५० हजारांच्या मधलं, असा मात्र एकही ठेवीदार नाही. क्यूएच्या मुली कामाला चोख होत्या, पण त्यांनी ती कॉपी महिनाभर तपासली असती तरी हे सापडलं नसतं, कारण सापडायला तिथे काही नव्हतंच. असा ग्राहक आपण बनवावा लागतो. आणि तो बनवण्याची जागा म्हणजे नियमाच्या शेजारची टेस्ट, जी कोड लिहिणारीनेच लिहायची.

आर्किटेक्टसाहेब म्हणाले, "ही फार एज केस आहे." ज्याचे साडेचार हजार कापले गेले त्या पेन्शनरला ते परत मिळवायला रिटर्न भरून रिफंडची वाट बघावी लागते. त्याच्यासाठी ती एज केस नसते. शेवटी बँकेच्या अकाउंट्स विभागातल्या बाईंनी परिपत्रक समोर ठेवलं तेव्हा विषय संपला. फंक्शन राहिलं, टेस्ट राहिल्या, लॉजिकही डेटाबेसमध्येच राहिलं. आणि तेच योग्य होतं. तिमाहीच्या रात्री लाखो खात्यांच्या ओळी नेटवर्कवरून जावाकडे ओढायच्या, हिशेब करायचा आणि पुन्हा परत ढकलायच्या, हे फक्त 'टेस्ट लिहिता यावी' म्हणून करणं मला कधीच पटलेलं नाही.

तर तुमच्या टीमला सोपं काय केल्याने जाईल? पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा डेटाबेस. आता ओरॅकलची फुकट आवृत्ती डॉकरवर, म्हणजे लॅपटॉपवरच वेगळ्या बंद डब्यात, चालते, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस तर चालतातच. डीबीए नाही म्हणतील. मॅनेजर म्हणून ते भांडण तुम्ही भांडायचं, डेव्हलपरवर सोडायचं नाही. त्यासाठी सगळं डीडीएल (टेबलं बनवणाऱ्या कमांड) आणि सगळी पॅकेजेस गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) हवीत, म्हणजे एका कमांडमध्ये रिकाम्या डेटाबेसवर सगळं उभं राहील. 'खरा कोड डेव्ह सर्व्हरवर आहे' अशी स्थिती असेल तर टेस्टिंगचा विषय बाजूला ठेवा आणि आधी ते निस्तरा.

दुसरं, प्रोसिजरच्या पोटातले कमिट बाहेर काढायला लावा. कमिट ज्याने बोलावलं त्याने करायचा. यूटीपीएलएसक्यूएल प्रत्येक टेस्टनंतर सेव्हपॉइंटपर्यंत रोलबॅक करतं, म्हणजे आधी करून ठेवलेल्या खुणेपर्यंत बदल मागे घेतं, त्यामुळे टेस्टने टाकलेला डेटा आपोआप साफ होतो. पण मधे तुमच्याच कोडने कमिट मारला की रोलबॅक करायला काही उरत नाही आणि पुढच्या टेस्टला मागचा कचरा दिसतो. डेटाबेसच्या टेस्ट 'कधी चालतात, कधी नाही' अशी तक्रार ऐकलीत की आधी कमिट शोधा. सिसडेटचंही तेच. तारीख पॅरामीटरने आत घ्या, डिफॉल्ट सिसडेट ठेवा, जुना कोड मोडत नाही.

तिसरं, डेटा बनवून देणारं एक पॅकेज. डेटाबेसवाले टेस्टला कंटाळतात ते इथे. एक ठेव टाकायची तर आधी ग्राहक हवा, ग्राहकाला शाखा हवी, शाखेला विभाग हवा, प्रत्येक टेबलात वीस नॉट नल, म्हणजे रिकामे न चालणारे, कॉलम. टेस्ट पाच ओळींची आणि तयारी साठ ओळींची. म्हणून 'ग्राहक बनव', 'ठेव बनव' अशा प्रोसिजर एकदाच लिहून घ्या, सगळ्या पॅरामीटरना डिफॉल्ट देऊन. मग टेस्टमध्ये फक्त जन्मतारीख आणि व्याज दिसतं, म्हणजे जे तपासायचंय तेच. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांचं या बाबतीत बरं आहे. टीएसक्यूएलटीमध्ये फेकटेबल आहे, ते टेबलच्या जागी त्याची रिकामी नक्कल ठेवतं, कन्स्ट्रेंटशिवाय, म्हणजे डेटावरच्या अटींशिवाय, त्यामुळे आईबापांची टेबलं भरत बसावं लागत नाही. टेस्ट संपली की मूळ टेबल जागेवर. ओरॅकलला तसं काही नाही, तिथे हे पॅकेज लिहायला तुमच्या सगळ्यात जाणत्या माणसाला बसवा, नवख्याला नको.

आणि टेस्टचा वेळ एस्टिमेटमध्ये धरा. आमच्याकडे जावाच्या स्टोरीत तो धरला जायचा, डेटाबेसच्या टास्कला 'एक प्रोसिजर तर बदलायचीय' म्हणून अर्धा दिवस. वर विचारायचं, टेस्ट का नाही लिहिली.

कव्हरेजचं, म्हणजे किती टक्के कोड टेस्टमधून चालून गेला याचं, टार्गेट लावू नका. ८० टक्के पाहिजे म्हटलं की लोक प्रोसिजर नुसती चालवणाऱ्या टेस्ट लिहितात, काहीच न तपासणाऱ्या. त्यापेक्षा नियम करा की प्रॉडक्शनमधला प्रत्येक बग आधी लाल टेस्ट म्हणून गिटमध्ये येईल आणि मग दुरुस्त होईल.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुमच्या डेटाबेसमध्ये लॉजिकच नसेल, नुसतं टाक-काढ-बदल असेल, तर यातलं काही करू नका, तुमच्या जावाच्या टेस्ट पुरेशा आहेत. युनिट टेस्ट तुम्हाला क्वेरी हळू आहे हे सांगणार नाही. चार ओळींच्या टेबलावर कुठलाही प्लॅन पळतो. दोन सेशन एकमेकांना लॉक करतील हेही त्यात दिसत नाही. त्यासाठी मोठा डेटा लागतोच, पण तो प्रॉडक्शनमधून उचलताना माणसांची नावं, पॅन, खाते क्रमांक झाकून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर 'टेस्टसाठीच तर आहे' हे उत्तर कुणाला देता येणार नाही. ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनने, म्हणजे स्वतंत्रपणे कमिट होणाऱ्या व्यवहाराने, लिहिलेला लॉग रोलबॅक होत नाही आणि ओरॅकलमध्ये डीडीएल स्वतःच कमिट करतं, त्यामुळे अशा टेस्टची साफसफाई हाताने लिहावी लागते. ट्रिगर, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड, खूप असतील तर सगळंच जड जातं. त्यावर माझ्याकडे ट्रिगर कमी करा याखेरीज उपाय नाही.

एप्रिल २०२५ पासून टीडीएसची मर्यादा पुन्हा वाढली, ५०,००० आणि ज्येष्ठांना १,००,०००. तोवर मर्यादा लागू-तारखेसकट नियमांच्या एका वेगळ्या टेबलात गेलेल्या होत्या. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने आधी टेस्टमधले आकडे बदलले, त्या लाल झाल्या, मग टेबलात दोन ओळी टाकल्या, त्या हिरव्या झाल्या. जुन्या वर्षांच्या टेस्ट हलल्या नाहीत, म्हणजे मागचे हिशेब शाबूत. १ एप्रिलवाल्याची टेस्ट त्यात अजून आहे.

तुम्ही सोमवारी एवढंच करा. टीममधल्या सगळ्यात जुन्या डेटाबेस डेव्हलपरला विचारा की कुठल्या प्रोसिजरला हात लावायची भीती वाटते. नाव लगेच मिळेल. तिच्यातला एकच नियम बाहेर काढून त्याच्यावर टेस्ट लिहायला त्यांना एक आठवडा द्या, दुसरं काही काम न देता, आणि डॉकर चालेल एवढी रॅम असलेला लॅपटॉप द्या.