वाचकांचे प्रश्न: कोणती रील दाखवायची हे ठरतं कसं?

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, घरात वायफाय एकच. पण सासऱ्यांचा फोन उघडला की नुसती भांडणं, कोणीतरी कोणावर ओरडतंय, आणि मग ते जेवायला बसतात तेव्हाही तापलेलेच असतात. माझ्याकडे रांगोळ्या आणि रेसिपी. मुलगी दहावीला आहे, तिच्याकडे वजन कमी करा, कंबर बारीक करा एवढंच चालू असतं, आणि आता ती सकाळचे पोहेसुद्धा नको म्हणते. परवा मैत्रिणीशी मिक्सरबद्दल बोलले तर संध्याकाळी मिक्सरची जाहिरात! फोन आपलं बोलणं ऐकतो का? आणि मुलीचं काय करू?
— एक आई

उत्तर: आधी मुलीचं बोलते, बाकीचं नंतर. ती जेवण टाळत असेल, वजन उतरत असेल, चक्कर येत असेल तर फोनच्या सेटिंगच्या आधी डॉक्टरांना दाखवा, ह्यात थांबू नका.

आता ह्या रील्स येतात कशा. तिने "वजन कमी करा" असं कधी सर्च केलं असेलच असं नाही. एखाद्या रीलवर ती जरा जास्त वेळ थांबली, परत बघितली, मैत्रिणीला पाठवली, एवढं पुरतं, लाइक करायची पण गरज नसते. सिस्टिम प्रत्येक रीलबद्दल अंदाज बांधते की ही मुलगी शेवटपर्यंत बघेल का, कोणाला पाठवेल का, कमेंट करेल का, मग त्याचे मार्क धरून क्रम लावते. धोकादायक गोष्टी गाळायचे नियम कंपन्यांकडे आहेत, पण साधी व्यायामाची किंवा बारीक कंबरेची रील त्यात अडकत नाही. एकटी बघितली तर ती रील निरुपद्रवीच वाटते हो, पण तशाच चाळीस लागोपाठ आल्या की पंधरा वर्षांच्या मुलीला वाटायला लागतं की जग असंच दिसतं आणि मीच वेगळी आहे. हे कंपनीलाही माहीत होतं. इन्स्टाग्रामच्याच आतल्या अभ्यासातली एक ओळ 2021 मध्ये बाहेर आली: 32 टक्के मुलींनी सांगितलं होतं की स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे अजून वाईट वाटलं. ही कागदपत्रं फ्रान्सिस हॉगन ह्या फेसबुकच्याच (इन्स्टाग्राम त्यांच्याच मालकीचं) माजी कर्मचारी बाईंनी बाहेर आणली, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

फोन हिसकावून घेऊ नका. तिच्या शेजारी बसा, फोन तिच्याच हातात राहू द्या, आणि ती रील आली की तीन टिंबं दाबून "नॉट इंटरेस्टेड" करायला सांगा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये कंटेंट प्रेफरन्सेस आहे, तिथून सुचवलेलं सगळं रीसेट पण करता येतं. पण रीसेटनंतर सिस्टिम परत तिच्या थांबण्यावरूनच शिकणार, म्हणून पहिले काही दिवस तसलं काही आलं की न थांबता पुढे जायचं, आणि तिला जे खरंच आवडतं, चित्रं असोत, क्रिकेट असो, ते मुद्दाम शोधून बघायचं.

सासऱ्यांचं गणित पण तेच, फक्त तिथे राग कामाला येतो. 2017 मध्ये फेसबुकने क्रम लावताना रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट मार्क द्यायला सुरुवात केली, म्हणजे आजोबांनी चिडून तो दाबला की फेसबुक समजायचं, वा, ह्यांना हे फार महत्त्वाचं वाटतं! 2020 मध्ये ते मार्क शून्य केले, पण चिडून लिहिलेली कमेंट अजूनही प्रतिसादच धरली जाते. त्यांना एवढं तरी सांगा की पटत नसलेल्या पोस्टखाली भांडू नका, लपवा. राजवाड्याजवळचाच रस्ता, पण त्यांना तिथलं भांडण दिसतं, तुम्हाला साड्यांचा सेल, मुलीला नवीन कॅफे, आणि तिघंही म्हणता की आजकाल शहरात हेच चाललंय.

मिक्सरचं: फेसबुक मायक्रोफोन वापरून जाहिराती दाखवतं का, ह्याला फेसबुकचा प्रमुख झुकेरबर्गने 2018 मध्ये अमेरिकी सिनेटपुढे सरळ नाही म्हटलं. आणि खरं सांगू का, ऐकायची गरजच पडत नाही. तुम्ही रेसिपी बघता, तुमचं वय आणि शहर अंदाजाने माहीत असतं, दुकानांच्या वेबसाइटवर काय बघितलं तेही बरेचदा कंपनीपर्यंत पोचतं. शिवाय ज्या शंभर जाहिराती जुळल्या नाहीत त्या आपल्या लक्षात राहत नाहीत.

प्रश्न: पुण्याची बहीण फेसबुकवर नातवाचे फोटो टाकते, मला दिसतच नाहीत. तिने मला काढून टाकलं का?
— एक आजी, सुदामा नगर

उत्तर: नाही हो आजी, मनातून काढून टाका ते. तुम्ही तिच्या फोटोंवर काही दाबत नसाल, नुसतं बघून खूश होत असाल, तर फेसबुकला वाटतं तुम्हाला त्यात रस नाही आणि ते खाली ढकलतं. पूर्वी इन्स्टाग्रामवर सगळं वेळेच्या क्रमाने यायचं, 2016 पासून तिथेही हा अंदाजाचा क्रम आला. तुम्ही फेसबुकच्या मेनूमध्ये "फीड्स" मध्ये जाऊन "फ्रेंड्स" निवडा, तिथे नवीन ते वर असं दिसतं. नाहीतर बहिणीच्या प्रोफाइलवर जाऊन तिला "फेव्हरिट्स" मध्ये टाका, एकदाच करायचं काम आहे, नातीकडून करून घ्या.