जंतू पेशीत ‘वाढतात’ की ‘गुणाकार करतात’?

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी त्यांनी कुष्ठरोगावर (म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं रक्तपिती म्हणायची ते) लेख लिहिला, त्यात ‘हे जंतू पेशीत वाढतात’ असं होतं, तर तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘गुणाकार करतात’ केलं. बरोबर काय?

ताई, गुणाकार शाळेच्या पाटीवर राहू दे. तुमचं ‘वाढतात’ चूक नाहीच, फक्त जरा मोघम आहे, कारण जंतू आधी आकाराने वाढतो, लांब होतो, मग मधोमध आवळत जाऊन दुभंगतो, आणि वाचणाऱ्याला यातलं नेमकं काय म्हणायचंय ते कळत नाही. संख्येबद्दल बोलायचं असेल तर आपल्याकडे मस्त शब्द आहे, दुणावणे. एकाचे दोन, दोनाचे चार, अगदी तेच तर होतं तिथे! ‘फोफावतात’ पण चाललं असतं, पण या जंतूला ते शोभत नाही. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू प्रयोगशाळेत वीसेक मिनिटांत दुणावतो, क्षयाच्या जंतूला साधारण 20 तास लागतात आणि कुष्ठाच्या जंतूला तब्बल 12 ते 14 दिवस. म्हणून तर लागण झाल्यावर लक्षणं दिसायला वर्षं जातात. बरं, हा पेशीबाहेर कृत्रिम खाद्यावर वाढतच नाही, संशोधकांना उंदराच्या तळपायात वाढवावा लागतो.

सगळेच जंतू असे मधोमध दुभंगतात असंही नाही हां. डोळ्यांच्या खुपऱ्या करणारा क्लॅमिडिया पेशीत शिरल्यावर आधी रूप बदलतो, मग त्याला भाताच्या रोपाला यावा तसा एका बाजूला फुटवा येतो आणि तो मोठा होऊन वेगळा होतो. तिथे ‘दुभंगतो’ लिहू नका, ‘दुणावतो’ चालेल.

आणि ‘जंतू पेशीत दुणावतात’ हे वाक्य उचलून पावसाळ्यातल्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) लेखात टाकू नका, लावणीच्या दिवसात तोही लेख येणारच, पण लेप्टोचे जंतू मुख्यतः पेशीबाहेर राहणारे, त्यांना ‘पेशीत’ लागू नाही.

मी असं लिहीन: ‘हे जंतू मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींत शिरतात आणि तिथे अतिशय सावकाश दुणावतात.’ फक्त श्वान हे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचं आडनाव आहे एवढं कंसात टाका, नाहीतर कुत्र्याच्या पेशी माणसात कशा आल्या म्हणून पुढचा प्रश्न येईल.